हनीफच्या चिठ्ठीवरचा शब्द

हनीफ गेल्याचा फोन आला तेव्हा वावरात सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं. त्या धडधडीत फोन कुठला ऐकू येतो! सून बांधावरून हात हलवत आली, तोंडाला पदर लावून, उडता भुसा चुकवत. मला वाटलं जेवायला बोलावते आहे. जवळ येऊन म्हणाली, "मामाजी, आर्णीवाले हनीफचाचा गेले. आज सकाळी." मी यंत्रवाल्याला हात केला. यंत्र थांबलं, पण कानात ते चालूच राहिलं… मी तिथंच ढिगाच्या कडेला बसलो. फजरची नमाज पढून त्यानं पाणी मागितलं, पाणी प्याला, आडवा झाला आणि संपलं. "कुठंच दुखलं नाही अब्बाले," असं त्याच्या मुलानं मला मागून सांगितलं. ज्या माणसानं सारी हयात लोकांचं दुखणं विचारण्यात घालवली, त्याला जाताना विचारायची कोणावर पाळीच आली नाही. बरं झालं. वय झालं होतं, घर भरलेलं होतं, सुना-नातवंडं जवळ होती. त्याच्या मरणाचं मला वाईट वाटत नाही, आणि कोणी उगाच रडारड केलेली त्यालाही आवडत नसे. मला वाईट वाटलं ते माझंच. त्याच्या नातीला एक गोष्ट सांगायची मी त्याला कबूल केलं होतं. पुढच्या बाजाराला सांगतो म्हणालो होतो. मधे दोन बाजार होऊन गेले आणि मी सांगितली नव्हती.

ती गोष्ट आता सांगून झाली आहे. पण ज्यांनी अर्धी ऐकली त्यांनी पुरी वाचावी म्हणून लिहितो आहे. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. शाळेतल्या बाईंनी काने-मात्रे तेवढे नीट केले, बाकी मजकुराला मी कोणाला हात लावू दिला नाही.

हनीफ आर्णीला एका डॉक्टरसाहेबांकडे कंपाउंडर होता. डॉक्टरसाहेब थेट दक्षिणेकडचे. आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती, आणि पुढं तीस वर्षं राहिले तरी फार आली नाही. हिंदी मोडकीतोडकी. पण हात गुणाचा, म्हणून आसपासच्या खेड्यांतून गर्दी लोटायची. आता रोगी बोलणार वऱ्हाडी, डॉक्टरला समजणार इंग्रजी, मधे हनीफ. त्याची काम करायची एक पद्धत होती. दवाखान्याच्या दाराशी एक खिडकी, खिडकीत पांढरा शर्ट घालून हनीफ, समोर जुन्या कॅलेंडरच्या कापलेल्या चिठ्ठ्या. रोग्याला तो नाव विचारी, गाव विचारी, मग विचारी, "कुठं दुखते?" आणि मग शेवटचा प्रश्न, "कसं दुखते?" त्याचं जे उत्तर येईल ते मनात घोळवून चिठ्ठीच्या खाली इंग्रजीत एक शब्द लिही. डॉक्टरसाहेब आधी तो शब्द पाहत, मग माणसाकडे पाहत. त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी हनीफला सांगून ठेवलं होतं, "इसको दर्द है, ये मुझे मालूम है. दर्द नहीं होता तो आता क्यों? कैसा दर्द है, वो बोलो."

माझी त्याची ओळख झाली ती भांडणातून. मला मुतखडा होता, पण तेव्हा ते माहीत नव्हतं. खिडकीशी गेलो. त्यानं विचारलं, "कसं दुखते?"

मी म्हणालो, "दुखते म्हंजे दुखते. कसं काय त्यात?"

"तसं नाही बावा. टोचते का, ठणकते का, जळते का, का कळ येते?"

"तू डॉक्टर हायेस का?"

"नाही."

"मंग कायले इतक्या चौकशा? लिही ना, दुखते म्हणून."

त्यानं लिहिलं. खरोखर इंग्रजीत 'दुखते' एवढंच लिहिलं, आणि डॉक्टरसाहेबांनी मला एक साधी गोळी देऊन वाटेला लावलं. मी वेशीपर्यंतही पोचलो नाही. एका बाभळीखाली गडबडा लोळलो. दोघांनी धरून परत आणलं तेव्हा हनीफ खिडकीतून बाहेर आला, माझ्या डोक्याशी उकिडवा बसला आणि त्याच आवाजात, जसं काही झालंच नाही, म्हणाला, "हं. आता सांगा पाटील, कसं दुखते?" मी दातओठ खात सांगितलं… पाठीतून निघते, कुशीतून उतरते, पार जांघेत जाते, येते तशी जाते आणि परत येते. तो मान हलवत म्हणाला, "कोलिक." मला त्या अवस्थेतही बरं वाटलं. दुखणं तेवढंच होतं, पण त्याला नाव मिळालं होतं.

तिथून दोस्ती जमली. बाजाराच्या दिवशी दवाखाना आटोपला की तो समोरच्या हॉटेलात चहाला येई आणि मला शब्द विचारी. डॉक्टरसाहेबांनी त्याला दुखण्याच्या इंग्रजी शब्दांची एक यादी करून दिली होती, ती त्यानं औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. इंग्रजी शब्द पाठ करणं त्याला जड नव्हतं. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, डोकं तल्लख. जड होतं ते जोडी लावणं. कोणता इंग्रजी शब्द आमच्या कोणत्या शब्दाला लावायचा? एकदा त्यानं विचारलं, "प्रोफेसर, चमक अन् सणक एकच का दोन?" तोवर तो मला प्रोफेसर म्हणायला लागला होता. डॉक्टरसाहेबांनी त्याला विचारलं, इतके शब्द तुला कोण सांगतो, तर यानं थाप मारली होती की गावात एक प्रोफेसर आहेत.

मी म्हणालो, "एक कसे असतील? चमक एका जागी येते अन् जाते. उसण भरली का चमक निंगते. सणक धावते. कमरेत निंगाली का पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते."

तो चहा तसाच ठेवून उठला. "बस बस! धावते ती शूटिंग. अन् येऊन जाते ती ट्विंज. अरे मी दोन महिने झाले सारे एकातच लिहून राह्यलो!" आणि चिठ्ठ्या नीट करायला तो दवाखान्यात पळाला. चहा मी प्यालो.

अशी आमची जोडी जमली. ठणका म्हणजे थ्रॉबिंग. नाडीसारखा उडतो तो, नखुरडं पिकलं की समजतं. भगभग म्हणजे बर्निंग. विंचवाची ती स्टिंगिंग. पेटका म्हणजे क्रॅम्प. टोचणी म्हणजे प्रिकिंग, आणि त्याचा नमुना मीच दिला होता. कापूस वेचताना वाळल्या बोंडाचं टोक नखाखाली शिरतं, दिसत काही नाही, रक्तही येत नाही, पण दुसऱ्या दिवशी कामाला हात लावला की डोळ्यांत पाणी येतं. हनीफनं ते डॉक्टरसाहेबांना हिंदीत समजावून सांगितलं, तर ते स्वतः एका वेचणीवाल्या बाईचं बोट भिंगातून पाहत बसले. स्टॅबिंगवर मात्र आमचा वाद झाला. स्टॅबिंग म्हणजे सुरा भोसकल्यासारखं. मी म्हणालो, "आधी भोसकून घेतल्याशिवाय माणूस असं सांगेल कसं?" हनीफ हसला. म्हणाला, "इंग्रजायचं दुखणं पाहून घे तू. सुरा, गोळी, भाला. सारं लढाईतलं." खरंच होतं. त्याचा आवडता शब्द होता लॅन्सिनेटिंग. एका मास्तरच्या गालात वीज चमकल्यागत कळ यायची, जेवताना, दाढी करताना, वारा लागला तरी. डॉक्टरसाहेबांनी तो शब्द सांगितला, भाला शिरून फाडत गेल्यासारखं, आणि हनीफ आठ दिवस तो शब्द तोंडात गोळीसारखा फिरवत होता. मी म्हणालो, "आपल्या इकडं भाला कोणी पाह्यला? आपलं दुखणं वावरातलं. काटा, बोंड, विंचू, वीज." तो म्हणाला, "म्हणून तर मी बसलो हावो मधात."

शब्दांचे अर्थ सांगताना तो फार चोख असे. लोकांना वाटायचं की एक्यूट म्हणजे फार, आणि क्रॉनिक म्हणजे त्याहून फार. तो म्हणे, तसं नाही. एक्यूट म्हणजे धारेचं, आत्ता उठलेलं, पाहुण्यासारखं अचानक आलेलं. क्रॉनिक म्हणजे जुनं, घरातच राहायला आलेलं, ज्याच्यासोबत माणूस जेवतो-झोपतो. थोडं दुखलं तरी ते क्रॉनिक असू शकतं. हे त्यानं मला बिडी ओढता ओढता सांगितलं होतं. पुढं मला ते अनुभवानं कळलं.

आता ती गोष्ट.

आमचं लग्न होऊन दहाएक वर्षं झाली असतील. वेचणीचे दिवस. आमच्या मंडळीनं, कमलनं, सकाळी चूल पेटवता पेटवता मला सांगितलं, "पोटात दुखून राह्यलं. बेंबीच्या उजव्या बाजूनं, खालतं. सुरी फिरवल्यासारखं होते." इतकं साफ सांगितलं. कोणत्या डॉक्टरला यापेक्षा काय पाहिजे? मी तिला एसटीनं आर्णीला नेलं. खिडकीशी दहा-बारा माणसं उभी, त्यातले चार आमच्याच गावचे. कमल पदर पुढं ओढून बाकावर बसली. हनीफनं खिडकीतूनच विचारलं, "वहिनी, कसं दुखते?" कमलनं माझ्याकडं पाहिलं. आमच्याकडं तशीच रीत होती. बाईनं परक्या माणसासमोर पोटाखालचं दुखणं बोलायचं नाही, नवऱ्यानं बोलायचं. आणि नवऱ्यालाही चार लोकांत ते बोलायची लाज. म्हणून सगळ्या बाया दवाखान्यात आल्या की त्यांची कंबरच दुखे. डोकं, पोट, छाती, अंगावरून जाणं, काहीही असो, सांगायची कंबर. मीही तेच केलं. म्हणालो, "कंबर दुखते. वाकून वाकून. वेचणीची."

हनीफ थांबला. "कंबरच ना? पोट नाही?"

"एकदा सांगतलं ना! बहिरा हायेस का?"

मागचे लोक हसले. त्यानं आणखी एकदा बाकाकडं पाहिलं. पण दोस्ताची बायको, पदर घेतलेली, आणि दोस्त डोळे वटारून उभा. त्यानं लिहिलं, बॅकएक, डल. डल म्हणजे बोथट. सुरीचं दुखणं मी असं बोथट करून टाकलं.

तिसऱ्या दिवशी तिचं आतडं फुटलं. अपेंडिक्स. जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं, आणि हनीफ दवाखाना टाकून सोबत आला. माझ्याजवळ धीर नव्हता, त्याच्याजवळ होता. तिथले ऑपरेशनवाले डॉक्टर बाहेर येऊन माझ्यावर खेकसले, "इतके दिवस काय करत होता? कोणाला दाखवलं नाही?" तिथं पाहुणेमंडळी उभी होती, गावचे लोक उभे होते. आणि मी, ज्यानं जन्मात कोणाच्या दाराशी मान खाली घातली नाही, मी म्हणालो, "दाखवलं साहेब. आर्णीच्या कंपाउंडरनं कंबरदुखी लिहिली."

डॉक्टरनं विचारलं, "कोण कंपाउंडर?" हनीफ माझ्या शेजारीच होता. एक पाऊल पुढं झाला आणि म्हणाला, "मीच साहेब. मीच लिहिलं."

खोटं नव्हतं ते. लिहिलं त्यानंच होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

कमल वाचली. पंधरा दिवसांनी घरी आली, आजही धडधाकट आहे, माझ्यावर ओरडते आहे. पण ती गोष्ट गावोगाव झाली. हुशार माणूस हो तो हनीफ, पण एकदा चुकला, एका बाईचा जीव चालला होता… असं हॉटेलात, एसटीत, लग्नात लोक बोलत. मी ऐके आणि बिडी ओढे. हनीफनं कधी कोणाला उलट सांगितलं नाही. त्यानं दुसरंच काहीतरी केलं. डॉक्टरसाहेबांच्या मागं लागून दवाखान्याच्या बाजूची औषधाची खोली रिकामी करवून घेतली, तिला पडदा लावला आणि आपल्या बायकोला, शमीमभाभीला, तिथं बसवलं. बाया आता खिडकीशी यायच्या नाहीत. पडद्याआड भाभीला सांगायच्या. आत नवऱ्याला सोडायचं नाही, सासूला सोडायचं नाही. भाभी ऐकून हनीफला सांगे, हनीफ इंग्रजी शब्द लिही. पहिल्या महिन्यातच कंबर दुखणाऱ्या बाया निम्म्यावर आल्या, असं तो हसत सांगे. कोणाला खडा निघाला, कोणाला गाठ निघाली, एकीच्या छातीतली कळ वेळेवर सापडली. त्या पडद्याआड किती बाया वाचल्या याचा हिशोब कोणी ठेवला नाही. मी मनाशी कधी कधी म्हणत असे की चला, आपल्या खोट्यातून एक चांगली खोली तर उभी राहिली. माणूस स्वतःला काय काय समजावतो पाहा.

त्याच्याशी माझी दोस्ती तुटली नाही. हेच जास्त कठीण गेलं. तो भांडला असता तर मीही भांडलो असतो, आणि भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण तो तसाच बाजाराला चहाला यायचा, तसाच प्रोफेसर म्हणायचा. ईदला शिरखुर्मा घेऊन भाभी यायची, दिवाळीला आमची चकली त्यांच्याकडं जायची, कमल आणि भाभी तासन् तास बोलत बसायच्या. पुढं डॉक्टरसाहेब आपल्या मुलखाला परत गेले, दवाखाना बंद झाला, तरी बाया हनीफच्या घरी येतच राहिल्या. मोठ्या दवाखान्यात जायच्या आधी, तिथं घाईत काय सांगायचं ते नीट लिहून घ्यायला. भाभी विचारायची, तो लिहायचा. एक रुपया घेतला नाही कधी.

शेवटची भेट पावसाळा सरता सरता झाली. तो बाहेरच्या खोलीत पलंगावर टेकून बसला होता, पायांवर सूज, पण शर्ट पांढराच. त्याची नात नाझिया यवतमाळला नर्सिंग शिकते, ती सुट्टीत आली होती. मोठी गोड पोर, पण बोलायला सरळ. तिनं माझ्यासमोरच त्याला विचारलं, "दादा, कॉलेज में एक लड़की बोली, आर्णी के कंपाउंडर ने गलत लिख दिया था, एक औरत मरते मरते बची. उसको मालूम नहीं था कि मैं आपकी पोती हूँ. मैं चुप बैठी. आपने सच में लिखा था?"

हनीफ म्हणाला, "लिखा था बेटा. गलत लिखा था."

तिचं तोंड उतरलं. त्यानं तिला चहा करायला आत पाठवलं आणि माझ्याकडं पाहिलं.  खिडकीतून रोग्याकडं पाहायचा तसा नुसता पाहत राहिला. मग माझ्याच तोंडून निघालं, "हनीफ… ते कंबरेचं. तिनं मले पोटच सांगतलं होतं."

"मले ठाऊक हाय."

"तुले ठाऊक हाय?"

"वहिनीनं शमीमले तवाच सांगतलं. टाके निंगाच्या आधी."

इतकी वर्षं!  मी म्हणालो, "मंग बोलला काहून नाही लेका?"

"तुह्या घरची गोष्ट. तूच सांगशीन कधीतरी म्हणून वाट पाहून राह्यलो." मग जरा हसला. "लई जुनं केलं पण तू."

"आधी एक्यूट होतं," मी म्हणालो. "मंग राहायलेच आलं घरात."

तो असा हसला की खोकला लागला. पाणी दिलं तेव्हा थांबला. मग हळू म्हणाला, "प्रोफेसर, मले सांगून काय फायदा? मले माहीतच हाय. त्या पोरीले सांग." मी म्हणालो, सांगतो. तेवढ्यात नाझिया चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. मी चहाचा घोट घेतला. आणि मी, प्रोफेसर, काय म्हणालो? म्हणालो, "साखर थोडकशी कमी हाय, बेटा." हनीफनं डोळे मिटले. निघताना मी त्याला म्हणालो, पुढच्या बाजाराला नक्की सांगतो. त्यानं हात उचलून खुदा हाफिज केलं.

त्याच्या मातीला मी गेलो. खांदा दिला, तीन मुठी माती टाकली. कब्रस्तानाच्या फाटकाशी एक कृषी केंद्रवाले शेठ मला म्हणाले, "सोन्यासारखा माणूस. तुमच्या घरच्यांच्या वेळी तेवढा एकदा चुकला बिचारा." मी ऐकून घेतलं. तेव्हाही ऐकूनच घेतलं. घरी येऊन कमलला सांगितलं तर ती भाकर थापता थापता म्हणाली, "तुम्ही त्याच्या चाळीसव्या दिवसाले जासान ना? तठी सारे येतीन. मी नाही येत. तुमचं तुम्ही पाहा." एवढंच. मान वर केली नाही.

चाळीसव्याला त्याच बाहेरच्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. फातिहा झाली, पुलावाच्या पराती फिरल्या. भाभीनं माझ्यासाठी वरणभात वेगळा ठेवला होता. लोक हनीफच्या आठवणी काढत होते, हसतही होते. शेठ सुरू झाले. "माणूस देव होता. तेवढी एकदा चूक…" मी ताट बाजूला सरकवलं आणि गुडघ्यावर हात देऊन उभा राहिलो. उभं राहायला वेळ लागला, तोवर सारे माझ्याकडं पाहायला लागले होते.

"शेठ, ते खोटं हाय," मी म्हणालो. "माह्या बायकोनं मले सांगतलं होतं, बेंबीच्या उजव्या बाजूनं, सुरी फिरवल्यासारखं. खिडकीशी मी कंबर सांगतलं. त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मीच खोटं बोललो. अन् यवतमाळले त्याचं नाव घेतलं तेही मीच. त्यानं नुसतं माह्यं खोटं लिहून घेतलं."

 पुलाव वाढणारा मुलगा, हनीफचा थोरला, हातात डाव घेऊन तसाच उभा राहिला. शेठ म्हणाले, "मंग इतके वर्षं काहून…" मी म्हणालो, "लाज." दुसरा शब्द माझ्याजवळ नव्हता, आणि खाली बसलो. मला वाटलं होतं की जमीन फाटेल. काही नाही झालं. मागून कोणीतरी म्हणालं, "चाचा, वरण थंड होऊन राह्यलं." शेजारच्यानं माझं ताट पुढं सरकवलं. मी जेवलो. चांगलं जेवलो, खोटं कायले बोलू.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तर नाझिया तांब्या घेऊन उभी. तिचे डोळे लाल होते, पण मान ताठ. माझ्या हातावर पाणी घालत तिनं विचारलं, "कमलआजीला आता कसं आहे? टाक्याच्या जागी दुखतं का अजून?"

मी म्हणालो, "थंडीत दुखत असंल."

"कसं दुखतं?"

मला सांगता येईना. एका घरात, एका चुलीवर इतकी वर्षं काढली, आणि मला ठाऊक नव्हतं.  तिनं टॉवेल दिला आणि म्हणाली, "कळवा मला. मी सरांना विचारून सांगते." मागून भाभी म्हणाली, "नाझिया, भाईसाब को एसटी पे छोड़ के आ." ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली, माझा हात धरून. वाटेत लोक भेटले, काय हनीफची पोती का, म्हणाले. ती हो म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. कमल सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी पायताण काढलं, तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. "सांगतलं," म्हणालो. ती हं म्हणाली. सूप चालूच. मी जरा वेळ डाळीतले खडे वेचले. मग विचारलं, "तुह्या टाक्याच्या जागी दुखते का अजून?"

सूप थांबलं.

"दुखते कधी कधी. थंडीचं."

"कसं दुखते?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, आधी संशयानं, मग तिला हसू यायला लागलं. "आज कायले सुचलं हो तुम्हाले?"  मी हनीफ दिवसभर खिडकीत बसायचा तसा गप्प बसून राहिलो. तो घाई करत नसे, शब्द तोंडात देत नसे. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले, अंगणातल्या उन्हाकडं पाहत विचार केला, आणि सांगायला लागली… सकाळी उठताना कसं, पाण्याची घागर उचलताना कसं, पाऊस यायच्या आधी कसं. बरंच होतं सांगण्यासारखं. मी मधे एकदाही बोललो नाही.